शुभहस्ते लागलेलं कुलूप

सर्वशक्तिमान असा एकच आहे. त्याला कुठलंही दार बंद नाही, त्याच्यापासून काही लपलेलं नाही, आणि त्याने पुसून टाकलेलं पुन्हा कुणाच्या दृष्टीस पडत नाही. थोरामोठ्यांनी हे निरनिराळ्या शब्दांत सांगून ठेवलं आहे. माझी नोकरीची बहुतेक वर्षं त्याच्या सान्निध्यात गेली, म्हणून खात्रीने सांगते की हे सगळं खरं आहे. फक्त कचेरी उघडली की त्यालाही रोज पासवर्ड विचारला जातो, आणि तो चुकला की त्यालाही बाहेरच ठेवलं जातं.

त्याचं नाव रूट. आमच्या परभणीच्या कचेरीत एक मोठी पेटी होती आणि तिला जोडलेले काही पडदे. पेटीच्या आत युनिक्सच्या घराण्यातली व्यवस्था चालायची. अशा व्यवस्थेत एकाच पेटीवर अनेक माणसं एकदम काम करतात, म्हणून कुणी कुठवर जायचं हे आधीच ठरवून ठेवावं लागतं. बाकीच्यांना एकेक खोली, रूटला सगळं घर. नवी खोली बांधायची, जुनी पाडायची, कुणाला आत घ्यायचं, हे तोच ठरवणार. त्याचा पासवर्ड हरवला तर घर जागेवर असतं, सामान जागेवर असतं, आणि सगळे अंगणात उभे असतात.

असे अंगणात उभे असलेले लोक पुढे मला बोलवायला लागले. त्यांचा समज असायचा की बाई येतात आणि हरवलेला पासवर्ड शोधून देतात. मी कुणाचाही पासवर्ड कधी शोधून दिलेला नाही. तो शोधता येतच नाही. यंत्र पासवर्ड जसाच्या तसा ठेवत नाही, त्याचं पीठ करून ठेवतं. तुम्ही शब्द टाकला की तो पुन्हा दळतं आणि या पिठाशी ते पीठ जुळतं का बघतं. पिठाची परत ज्वारी होत नाही. म्हणून मी एवढंच करायची की मागच्या दाराने आत जाऊन डब्यातलं पीठ सांडून द्यायची. डबा रिकामा म्हणजे पासवर्ड नाही, आणि पासवर्ड नाही म्हणजे दार उघडं.

एका सूतगिरणीतले हिशेबनीस निवृत्त होताना पासवर्ड बरोबर घेऊन सोनपेठला घरी जाऊन बसले होते. शालश्रीफळ देऊन सत्कार केल्याशिवाय सांगणार नाही म्हणाले. गिरणीने सत्कार ठेवला. पुढे भाषणं चालू असताना मी मागच्या खोलीत पेटी उघडून दिली. सत्कारमूर्तींनी व्यासपीठावरून जाहीर केलेला पासवर्ड चुकीचा निघाला, पण तोवर त्याची गरज उरली नव्हती. शाल कुणी परत मागितली नाही.

हे नंतरचं. पहिलं कुलूप आमच्याच कचेरीत लागलं, आणि तेही निमंत्रणपत्रिका छापून.

आमच्याकडे काम होतं पिण्याच्या पाण्याचं. कुठल्या गावाला विहीर आहे, कुठला हातपंप चालू आहे, उन्हाळ्यात टँकर कुठे धाडायचा, हे त्या माहितीवरून ठरायचं. माहितीतला मुख्य प्रश्न होता, गावात विहीर आहे काय. उत्तर बहुधा ‘होय’ असायचं आणि ते खोटं नसायचं. विहीर गावातच असायची. गावाबाहेरची वस्ती त्या ‘होय’मध्ये धरलेली असायची, तिथून विहिरीवर कुणी घागर बुडवू शकतं का, असा प्रश्न छापलेला नव्हता.

विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव होऊन बरीच वर्षं लोटली होती आणि नामांतर व्हायचं होतं. आम्ही बौद्ध. माझ्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली, वडील मास्तर झाले, मी संगणकाची पदविका घेऊन राखीव जागेवर लागले. एका नावासाठी आमच्या घराघरांतली माणसं तुरुंगात जाऊन येत होती, त्या दिवसांत कचेरीत माझं मागणं फारच किरकोळ होतं. वस्तीची नोंद गावापासून वेगळी करा. साहेब म्हणाले, करा, पण तुम्हीच फिरा. त्यांना वाटलं मी फिरणार नाही.

जीप घेऊन फिरले. चालवायला युनूसभाई. सोनपेठकडच्या एका गावाच्या वस्तीत गयाबाई नावाची बाई भेटली. गावाचं नाव लिहीत नाही, अशी गावं बरीच होती, एकट्यालाच मान कशाला. गयाबाई दारात गोवऱ्या रचत होती.

“मावशी, गावात विहीर आहे ना?” मी विचारलं.

“हाय की. गावाला हाय. आमाला न्हाई.”

“मग पाणी?”

“ओढ्यात झिरा खांदतोत. चैतात त्यो बी आटतो.” तिने माझ्या हातातल्या कागदाकडे पाहिलं. “लिवून घेयलालीस व्हय? मागं बी एकजण लिवून गेला. पँट होती त्याची चांगली.”

युनूसभाई हसले. मी म्हणाले, “या वेळी कागदावर राहणार नाही मावशी. मशिनीत घालायचंय.”

“मशिनीत घातल्यावर हारवत न्हाई?”

“नाही.”

“बघ बाई,” ती म्हणाली. “मी इच्यारीन पुन्ना.”

मशीन तेव्हा कचेरीत येऊन काही महिने झाले होते आणि मी त्याच्यावर रोज काम करत होते, पण शासकीय दृष्ट्या ते अजून सुरू झालेलं नव्हतं. उद्घाटनाला अध्यक्षांची तारीख मिळत नव्हती. अध्यक्ष म्हणजे जिल्ह्यातले एक मोठे गृहस्थ. ते इतक्या ठिकाणचे अध्यक्ष होते की नुसतं ‘अध्यक्ष’ म्हटलं तरी पुरायचं. त्यामुळे आमचा संगणक चालू होता आणि चालू झालेला नव्हता. मी वस्त्यांची माहिती भरत होते. टेपवर दुसरी प्रत काढून ठेवायचं यंत्र मंजूर होतं, ते पुढच्या आर्थिक वर्षात यायचं होतं. फ्लॉपीवर प्रत काढायची तर कोऱ्या फ्लॉप्या साहेबांच्या कपाटात, उद्घाटनाआधी पाकीट फोडायचं नाही म्हणून बंद. यंत्राबरोबर आलेली जाडजूड इंग्रजी पुस्तकंही प्लॅस्टिकमध्येच ठेवायची होती, तपासणीत नवी दिसावीत म्हणून. ती मी खालच्या बाजूने कापून वाचली.

साहेबांचा आणखी एक नियम होता. पेटीवर एकच नाव, एकच पासवर्ड. “दोन किल्ल्या झाल्या की चोरी होते,” ते म्हणायचे. म्हणजे आम्ही सगळे रूट. हे बरोबर नाही, प्रत्येकाची खोली वेगळी हवी, असं मी दोनदा सांगितलं. साहेब म्हणाले, “शासन एक, तर पासवर्ड एक.” 

शेवटी तारीख मिळाली. संगणकाच्या खोलीतले जुने कागद समारंभाआधी काढून टाकायचं ठरलं. मशीन आलंय, आता कागद कशाला. मी एक दिवस रजेवर होते, परत आले तर माझे वस्त्यांचे सगळे कागद रद्दीवाल्याकडे गेलेले. “मैं बोला था बाई,” युनूसभाई म्हणाले, “बाईकू विचारा म्हणून. साहेब बोले, कागद हय, दागिने नहीं.”

फीत कापणं साहेबांना जुनाट वाटत होतं. त्यांनी नवी कल्पना काढली. अध्यक्षांनी स्वतः संगणकाला नवा पासवर्ड द्यायचा. पत्रिकेत छापलं, ‘मा. अध्यक्षांच्या शुभहस्ते पासवर्ड प्रदान’.

मी साहेबांना म्हणाले, “टाकलेला पासवर्ड पडद्यावर दिसत नसतो. ते काय टाकणार हे आधी ठरवून घेऊ.”

“अध्यक्षांना आपण शिकवायचं?” साहेब म्हणाले.

समारंभाला सगळ्यांनी चपला बाहेर काढल्या. पेटीला हार घातला, कळफलकाला हळदकुंकू लावलं. मी बाजूला उभी, कधी दाबायचं ते सांगायला. अध्यक्ष खुर्चीत बसले, एक बोट उगारलं आणि दाबायला लागले. पडद्यावर काही येईना. त्यांनी जोर वाढवला.

“काईच उमटंना की हो.”

“उमटत नाही साहेब,” मी म्हणाले. “गुप्त असतं.”

“असं व्हय.” त्यांचा चेहरा खुलला. “ह्ये लय चांगलं केलंय.”

यंत्र तोच शब्द दोनदा मागतं. पहिल्या खेपेला दोन्ही जुळले नाहीत, दुसऱ्या खेपेला नाहीत. तिसऱ्या खेपेला अध्यक्षांनी डावा हात आडवा धरला, परीक्षेत शेजारच्यापासून पेपर झाकतात तसा, आणि जुळलं. टाळ्या झाल्या. फोटो निघाला. मग पेढे आणि चिवडा. सगळे उठून गेल्यावर पाहुण्यांची मुलं बटणं दाबतील म्हणून साहेबांनी स्वतःच खोलीचं मेन स्विच बंद केलं आणि कुलूप घातलं. युनिक्स असं बंद करायचं नसतं. जेवता जेवता माणसाच्या पुढचं ताट ओढावं तसं ते असतं. पण मला हे कळेपर्यंत ताट ओढून झालं होतं.

दुसऱ्या दिवशी पेटी सुरू केली. पासवर्ड विचारला.

“टाका,” साहेब म्हणाले.

“काय टाकू?”

 साहेबांनी जीप काढायला सांगितली आणि मलाही बरोबर घेतलं.

अध्यक्ष ओसरीवर पेपर वाचत बसले होते. साहेबांनी अदबीने विषय काढला. अध्यक्षांनी पेपर खाली ठेवला.

“तुमच्या ह्या बाईंनीच सांगितलं ना, गुप्त असतं म्हणून?”

“हो, पण साहेब, आपल्याच कचेरीसाठी...”

“गुप्त म्हंजे गुप्त. उद्या तुमी इच्यारलं म्हणून सांगितलं, परवा इरोधी पार्टी इच्यारंल. आपल्याला न्हाई जमायचं.”

अध्यक्षांनी आणि मी एकमेकांकडे बघितलं. त्यांना आठवत नव्हतं. मला ते कळलं, आणि मला कळल्याचं त्यांना कळलं. साहेबांना मात्र परतीच्या वाटेवर अध्यक्षांच्या तत्त्वनिष्ठेचं कौतुक वाटत होतं.

मग साहेबांनी कंपनीच्या इंजिनिअरला पुण्याहून बोलावलं. इंजिनिअर शहाणा माणूस होता. त्याने पाहिलं, मान हलवली आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, “मॅडम, फ्लॉपीवरून सुरू करून पासवर्ड उडवता येतो. पण तुमच्या साहेबांना फॉरमॅटच पाहिजे. मला तेवढंच सांगितलंय.”

फॉरमॅट म्हणजे आतली तबकडी पूर्ण पुसून कोरी करणं. मी साहेबांच्या खोलीत गेले.

“फॉरमॅट कशाला? माहिती जाईल सगळी.”

“अध्यक्षांनी शुभहस्ते दिलेला पासवर्ड आपण काढून टाकायचा?” साहेब म्हणाले. “कानावर गेलं तर त्यांच्या?”

“आणि माहिती गेली हे कानावर गेलं तर?”

“यंत्र बिघडलं. यंत्र बिघडतं. त्याला कोण काय म्हणणार.”

यात तर्क होता. बिघाडाला कर्ता नसतो, दुरुस्तीला असतो. शासनात कर्ता होणं वाईट.

“पुन्हा कशावरून भरू? कागद तर रद्दीत गेले.”

“जुनी माहिती आहे ना छापील. तिच्यावरून.”

जुनी माहिती म्हणजे, गावात विहीर आहे काय, होय. मी उभीच राहिले. साहेब चष्मा पुसत म्हणाले, “तुमचा जीव त्या वस्त्यांतच का अडकतो, ते समजतं मला.”

“समजत असेल तर उत्तम,” मी म्हणाले. “त्यांना तहान लागते तेव्हा पाणीच लागतं, एवढं फक्त समजायचं आहे.”

“मी तुमचा वरिष्ठ आहे.”

“आहात. मग लेखी द्या. माहितीची दुसरी प्रत नाही हे ठाऊक असूनही पुसून टाकावी. खाली सही.”

साहेब आयुष्यभर सगळं तोंडी करत आले होते. ते म्हणाले, “बघतो,” आणि बैठकीला निघून गेले. नाही म्हणाले नव्हते. हो म्हणाले नव्हते. मला तेवढी जागा पुरेशी होती.

दार लावून घ्या, असं इंजिनिअर म्हणाला. मी लावलं नाही. लपून करायचं काम नव्हतं ते. भर दुपार, बाहेर व्हरांड्यात लोक बसलेले, युनूसभाई दारात. मी इंजिनिअरकडे फ्लॉप्या मागितल्या. त्याने त्या टेबलावर ठेवल्या. “मी चहाला चाललोय,” तो म्हणाला. “कीबोर्ड कुठला असं विचारील. त्याच्या पुढे जाऊ नका.”

ही खरी मेख होती. त्या फ्लॉप्या नव्याने सगळं बसवण्यासाठी असतात. त्यांच्यावरून पेटी सुरू केली की ती गोड बोलून एकेक प्रश्न विचारत जाते, आणि उत्तरं देत गेलात तर शेवटी तबकडी कोरी करून देते. पहिल्याच प्रश्नाला तिला मध्येच तोडायचं असतं. डिलीटचं बटण दाबायचं. दाबलं. पडद्यावर आडव्या-उभ्या दोन दोन रेघांची एक खूण आली. ती रूटची खूण. कुणी नाव विचारलं नाही की पासवर्ड. फ्लॉपीवरून जागी झालेली पेटी असं धरून चालते की समोर हात पोचेल इतक्या जवळ बसलाय तो मालकच असणार. मला ही व्यवस्था तेव्हाही आवडली होती आणि आजही आवडते. राज्यघटनेबाहेर इतकं सरळ तत्त्व मी फार ठिकाणी पाहिलेलं नाही.

पण मेन स्विच ओढल्यामुळे आतली मोडतोड आधी नीट करायला हवी होती. तपासणीचा कार्यक्रम लावला. तो एकेक तुटका तुकडा दाखवायचा आणि विचारायचा, दुरुस्त करू? मी हो म्हणत गेले. कुठला तुकडा कुठल्या वस्तीचा, हे त्याला ठाऊक नव्हतं आणि मलाही दिसत नव्हतं. गयाबाई, तिच्या शेजारची, पलीकडच्या ओढ्यावरची, सगळ्या त्या तुकड्यांत होत्या आणि मी नुसतं हो हो करत होते.

“सर्कारी काम है, बाई,” युनूसभाई दारातून म्हणाले. “हो बोलते रहो.”

तपासणी संपली. तबकडी जोडून घेतली, पासवर्डची फाइल उघडली. उघडायला जो लहानसा कार्यक्रम मिळतो, तो अतिशय अबोल. चूक झाली तर काय चुकलं ते सांगत नाही, नुसतं प्रश्नचिन्ह दाखवतो. माझ्या सगळ्या वरिष्ठांची पद्धत हीच असल्याने मला त्याचा त्रास झाला नाही. रूटच्या ओळीत दोन विसर्गचिन्हांसारख्या ठिपक्यांच्या मध्ये अध्यक्षांच्या शब्दाचं पीठ होतं, अर्थहीन अक्षरं. ती काढली. फाइल ठेवली. तबकडी सोडवली, फ्लॉपी काढली, पेटी पुन्हा सुरू केली.

नाव विचारलं. रूट. आणि दार उघडलं.

मी सोनपेठकडचं ते गाव मागवलं. गाव आलं. त्याच्याखाली वेगळ्या ओळीत वस्ती आली. विहीर, नाही. इतक्यात साहेब बैठकीहून आले आणि माझ्या मागे उभे राहिले.

“कुणी सांगितलं होतं तुम्हाला?”

“कुणीच नाही.”

“मी कारवाई करू शकतो.”

“करा,” मी म्हणाले. “कारण लिहावं लागेल. बंद पडलेला संगणक सुरू केला म्हणून.”

 साहेब म्हणाले, “पासवर्ड आता एकच ठेवा.”

“चार केलेत,” मी म्हणाले. “ज्याचा त्याला.” तोवर केले नव्हते, पण लगेच केले.

कारणे दाखवा नोटीस आली नाही. मला थोडं वाईट वाटलं, उत्तर मनात तयार होतं. अध्यक्ष पुढे अनेकदा आले आणि दर वेळी विचारायचे, “आमचा पासवर्ड चालू हाय ना?” साहेब म्हणायचे, “तोच आहे.” त्यांनी काय टाकलं होतं हे मला कधीच कळलं नाही. तीन खेपांतून नेमकं काय जुळलं याचं कुतूहल अजून आहे.

पूर्ण यश आलं असं म्हणणार नाही. दुरुस्तीत काही वस्त्यांच्या नोंदी फुटल्या. जीप काढून त्यातल्या बहुतेक पुन्हा आणल्या. एका वस्तीपर्यंत पोचायला उशीर झाला. तिथले लोक काम शोधायला निघून गेले होते, विचारायला कुणी नव्हतं. त्या उन्हाळ्यात तिच्यापुढे मी ‘माहिती नाही’ असं लिहिलं. तांत्रिकदृष्ट्या ते बरोबर होतं. मला ते अजून बोचतं.

टँकरचा आराखडा संगणकाच्या कागदावर छापून वर गेला. कडेला भोकं असलेला तो लांब कागद इतका आधुनिक दिसायचा की त्यात खाडाखोड करायला कुणी धजावलं नाही. वस्त्या गावांपासून वेगळ्या, तशाच मंजूर होऊन आल्या. चैत्रात मी युनूसभाईंना घेऊन सोनपेठच्या रस्त्याला गेले. टँकर गावाच्या पारावर न थांबता सरळ वस्तीत गेला. गावातले दोघं चौघं मागून चालत आले आणि लांब उभे राहिले. वस्तीतल्या बाया घागरी घेऊन रांगेत होत्या.

गयाबाईने मला ओळखलं, पण आधी घागर भरून घेतली.

“मावशी,” मी म्हणाले, “हरवलं नाही.”

तिने ओंजळीत पाणी घेतलं, वास घेतला आणि माझ्यापुढे धरलं.

“डिझेलचा वास येयलाय ह्याला.”

मी वास घेतला. येत होता.